ज्याचा विषय, तो बाहेर

३ मार्च

मामा,

फोन करणार होते, पण फोनवर माझी दातखीळ बसते हे तुला माहितीये. मग तू 'हॅलो, घुमे, जिवंत आहेस का' करत बसतोस. म्हणून पत्र.

बातमी अशी की मी विश्वस्त झालेय. खरंच. आमच्या फाउंडेशनने ठरवलं की विश्वस्त मंडळात एक खुर्ची अशा माणसाला द्यायची, ज्याला फाउंडेशनचा उपयोग झालाय. माझा उजवा जाड तळाचा बूट मी सात वर्षांची असल्यापासून इथल्याच वर्कशॉपमध्ये बनतो आणि आता मी तिथेच तळ कापायला आहे, म्हणजे उपयोग झालाच. वय अठरा पूर्ण पाहिजे, ते झालं. नववीत शाळा सोडलेली चालते का असं मी विचारलं, तर अध्यक्षबाई म्हणाल्या, चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. मला वाटतं मी बोलत नाही म्हणूनच घेतलं असेल. आई म्हणते, असं तिरकं बोलू नये.

काल पहिली मीटिंग झाली. लांब टेबल, वर नुसती आरपार काच, आणि सगळ्यांच्या खुर्च्यांना चाकं. अध्यक्षबाईंनी मला ओळख करून द्यायला सांगितलं. मी घाबरून पाय जमिनीवर दाबला आणि खुर्चीसकट मागे मागे जात भिंतीला टेकले. माझी ओळख एवढीच झाली.

अध्यक्षबाई पूर्वी हाडांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्या उजव्या हाताला संचालक बसतात, म्हणजे सगळं फाउंडेशन चालवणारे पगारी साहेब. डाव्या हाताला खजिनदार. कोणा एका म्हाताऱ्या कारखानदाराने मरताना ठेवलेला पैसा ते कुठे कुठे गुंतवतात आणि त्याच्या व्याजावर आमचं वर्कशॉप चालतं.

सगळ्यांना एका अहवालाची पानं वाटली. बाहेरच्या कुणाकडून तो करून घेतलाय. दुसऱ्या फाउंडेशनमध्ये पगार किती, कारभार कसा, पैसे कुठे गुंतवतात, आणि त्यात आपण कुठे बसतो, असं काहीतरी आहे. एप्रिलच्या मीटिंगमध्ये त्यावरून पगार ठरणार. संचालकांचा वाढणार असं दिसतंय. वर्कशॉपचा आहे तोच बरोबर आहे म्हणे.

आणि तिथेच गोची आहे. आमच्या मिस्त्रींना एका मोठ्या हॉस्पिटलने बोलावलंय, पगार जास्त. मिस्त्री म्हणाले, एप्रिलपर्यंत थांबतो, नंतर मला माझ्या पोरींची फी बघावी लागेल. मामा, मिस्त्री गेले तर पोरांच्या पायांना बांधायचे पट्टे, कॅलिपर, कोण बनवणार? माझं सोड, माझं वाढायचं वय गेलं. पण इथे एक चार वर्षांची मुलगी येते, तिला आम्ही तुफान म्हणतो. ती इतक्या वेगाने वाढते की तिचा पट्टा बसवला की लगेच पुढच्याचं माप घ्यायचं. दुसऱ्या कुणी हात लावला तर ती चावते. मिस्त्रींना नाही चावत.

तू असलंच काम करतोस ना ऑफिसात? ही तुलना म्हणजे काय ते मला समजेल असं सांग.

तुझी घुमी

*

११ मार्च

घुमे,

विश्वस्त. अगं, तुझ्या आजोबांना सोसायटीच्या कमिटीत कुणी घेतलं नव्हतं. घराण्याचं नाव काढलंस.

तुलना म्हणजे सोपं आहे. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावायचे, तसं. आपल्यासारख्या संस्था शोधायच्या, त्यांना पगार विचारायचे, सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि आपलं डोकं कुठे येतं ते बघायचं. बहुतेक सगळ्या म्हणतात, आम्हाला मधल्याच्या जरा वर ठेवा. गंमत अशी की सगळ्याच मधल्याच्या वर जायला टाचा उंचावतात, त्यामुळे मधलाच दरवर्षी वर सरकतो. त्यावर माझं पोट चालतं, म्हणून मी हसत नाही.

खरी मेख आहे ती शेजारी कोणाला उभं केलं यात. बारा पैलवानांच्या रांगेत उभं राहिलं की माणूस बारीक, बालवाडीत उभं राहिलं की राक्षस. संचालकासाठी बारा मोठ्या संस्थांची रांग आणि वर्कशॉपसाठी छोट्यांची, जिथे निम्मी माणसं फुकट सेवा करतात, असं केलेलं असतं. त्यात बेकायदेशीर काही नाही. सांगितलं तसं करून देतात लोक.

माझा सल्ला विचारशील तर पहिलं वर्ष गप्प बस. नव्या विश्वस्ताने आधी खुर्ची गरम करावी. तुझी तर चाकांची आहे, ती धरून ठेवलीस तरी पुष्कळ. मिस्त्रींचं म्हणशील तर माणसं येतात, जातात. जगाचं ओझं आपण कशाला डोक्यावर घ्यायचं.

ताईला सांग, गुडघ्याला शेक देत जा.

मामा

*

१९ मार्च

मामा,

आईने शेक घेतला. तुझं नाव घेऊन घेतला, मी सांगितलं असतं तर घेतला नसता.

तुझं पत्र वाचून मी पानं परत काढली. संचालकांच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात नावं आहेत, बारा. त्यातल्या एका फाउंडेशनची स्वतःची सात मजली बिल्डिंग आहे, आमची तर खालच्या मजल्यापुरती जागा. वर्कशॉपच्या पानावर वेगळीच नावं. त्यातल्या एका ठिकाणी मिस्त्री स्वतः सुट्टीच्या दिवशी फुकट शिकवायला जातात. म्हणजे मिस्त्रींचा पगार बरोबर आहे की नाही हे मिस्त्री जिथे फुकट काम करतात त्या जागेशी ताडून बघितलंय. मी त्यांना हे सांगितलं तर त्यांना आधी हसू आलं. मग ते बराच वेळ कानस घासत बसले, जिथे घासायचं काही राहिलं नव्हतं तिथे.

मी ठरवलं की मीटिंगमध्ये हे सांगायचं. धीर करून अध्यक्षबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, मुली, आपल्याकडे एक नियम आहे. ज्याचा विषय, तो बाहेर. ज्या निर्णयातून आपल्याला पैसे मिळणार असतील, तो निर्णय होताना आपण खोलीत थांबायचं नाही. मला वर्कशॉपचा पगार मिळतो. म्हणून वर्कशॉपचा विषय आला की मी उठायचं आणि बाहेर बाकावर बसायचं.

मला नियम पटला. तेच वाईट आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे मला बरं वाटलं. सुटले एकदाची, असं. शाळेत मोठ्याने धडा वाचता आला नाही की बाई वर्गाबाहेर काढायच्या. मला बाहेरच आवडायचं. व्हरांड्यात कोणी विचारत नाही, पुढे वाच. शेवटी शाळा सोडली ती पायामुळे असं सगळे समजतात. पायाने काही केलं नव्हतं.

आता परत कोणीतरी मला बाहेर बसायला सांगतंय आणि मी परत खुश. मला माझा रागच आला.

एक विचारायचं होतं. दोन वेगळ्या रांगा आहेत हे तुला कसं कळलं? बारा हा आकडासुद्धा? मी तर तेव्हा ते पान नीट बघितलंही नव्हतं आणि तुला लिहिलंही नव्हतं.

घुमी

*

२ एप्रिल

मामा,

तुझं पत्र नाही. आई म्हणते कामात असेल. मला वाटतं तू लपून बसलायस. लपून बसलेलं माणूस मला लगेच ओळखू येतं, त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

इकडे मिस्त्रींनी भिंतीवरची स्वतःची हत्यारं उतरवून फडक्यात बांधलीयत. रागाने नाही. म्हणाले, ऐन वेळी गडबड नको. भिंतीवर जिथे जिथे हत्यार होतं तिथे फिकट आकार राहिलाय, हातोडीचा, पकडीचा. आज तुफान आली आणि प्रत्येक आकारावर बोट ठेवून विचारत होती, हे कुठे गेलं, हे कुठे गेलं. मिस्त्री म्हणाले, आंघोळीला गेलंय.

मीटिंग बावीस तारखेला आहे. लिही.

घुमी

*

८ एप्रिल

घुमे,

पकडलंस. तो अहवाल मी केलाय.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच कळलं. तुझ्याकडे नुसती आतली पानं आली, वरच्या पानावर आमच्या ऑफिसचं नाव होतं. रांगा मी निवडल्या नाहीत. तुमच्या संचालकांच्या ऑफिसमधून दोन याद्या आल्या, ह्यांच्याशी ह्यांची तुलना, त्यांच्याशी त्यांची. मला दिसलं होतं. पण गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा, असा आमचा धंदा.

भानगड वेगळी आहे. काम घेताना आम्ही लिहून देतो की त्या संस्थेत निर्णय घेणारं आमच्या नात्यातलं कोणी नाही. मी दिलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. तू तळ कापत होतीस. मग तू विश्वस्त झालीस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांना जाऊन सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. वर तुलाच गप्प बसायला सांगितलं. तो सल्ला तुझ्यासाठी नव्हता गं, माझ्यासाठी होता.

आता तू उठून रांगांचं बोललीस की कोणीतरी विचारणार, मुली, तुला हे कोणी शिकवलं. मामाने. मामा कोण. मग माझं काम जाईल, आणि तुझ्यावरही बोट येईल की घरातून आतली माहिती मिळते. यंदा मला बढती आहे. धाकट्याच्या दातांचा खर्च तुला माहितीये, त्याच्या तोंडात आमची गाडी आहे असं तुझी मामी म्हणते.

एवढी एक मीटिंग जाऊ दे. पुढच्या वर्षी मी स्वतः रांगा नीट लावून देतो. ताईला सांगू नकोस.

मामा

*

१४ एप्रिल

मामा,

आईला सांगितलं नाही. पण मीटिंगमध्ये सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहितेय.

पत्र दोन दिवस बुटात घालून फिरले. बुटात म्हणजे खरंच बुटात, आईच्या हाती लागू नये म्हणून. तुझा राग आला. मग आठवलं, माझा पहिला बूट आला तेव्हा तू एका पायाखाली वीट बांधून माझ्याबरोबर गल्लीत चालला होतास, पोरं मला नाही, तुला हसावीत म्हणून. त्यामुळे राग नीट टिकेना. पण मत काही बदललं नाही.

तू म्हणतोस पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षापर्यंत तुफान दोन पट्टे ओलांडून जाईल. पट्टा लहान झाला की पाय वाकडा वाढतो, हाड कोणाच्या बढतीसाठी थांबत नाही.

मी असं करणार आहे. आधी उठून सांगणार की अहवाल करणारा माझा मामा आहे. कोणी विचारायच्या आत. मग अध्यक्षबाईंना विचारणार की ज्याचा विषय तो बाहेर हा नियम सगळ्यांना आहे की फक्त मला. कारण मी जुन्या मीटिंगचं लिहिलेलं मागून वाचलं. संचालकांच्या पगाराचा विषय असतो तेव्हा संचालक आतच बसलेले असतात, 'माहिती देण्यासाठी'. आणि अर्धा पैसा ज्या कंपनीत गुंतवलाय ती खजिनदारांच्या मेहुण्याची. तो विषय असतानाही खजिनदार आतच. कोणी चोरी केलीय असं मी म्हणत नाही. फक्त बाकावर मी एकटीच का?

आणि रांगांचं वर्कशॉपचा विषय यायच्या आधी बोलणार, म्हणजे बाहेर जायच्या आधी. सगळ्यांना एका रांगेत उभं करा, एवढंच.

बोलायचा सराव करतेय. वर्कशॉपच्या मागच्या फळ्यांवर पोरांच्या पायांचे प्लास्टरचे साचे ठेवलेले असतात, रांगेने. जेवायच्या सुट्टीत त्यांच्यासमोर बोलते. पायांना कान नसतात, त्यामुळे बरं जातं. काल मिस्त्री डबा विसरले म्हणून परत आले आणि दारात उभे राहिले. मी गप्प झाले. ते म्हणाले, थांबलीस का, मधल्या फळीवरच्यांना नीट ऐकू आलं नसेल.

बावीस तारखेच्या आत तू तुझ्या साहेबांना सांगितलंस तर मला बरं वाटेल. नाही सांगितलंस तरी मी सांगणार.

घुमी

*

२४ एप्रिल

मामा,

मीटिंग झाली.

मी खुर्चीवर बसलेच नाही, पहिल्यापासून उभी राहिले. चाकांचा भरवसा नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, काय गं. आणि माझं तोंड उघडेना. एसीचा आवाज येत होता, खजिनदार पेन टकटक करत होते. मी टेबलाखालचे सगळ्यांचे बूट बघितले. काचेतून दिसतात. सगळे नुसते पाय दिसायला लागले, फळीवरचे, आणि मग आवाज फुटला.

म्हणाले, अहवाल करणारे माझे सख्खे मामा आहेत. बघ, 'आहेत' म्हणाले, तुला आदर दिला.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, हो, त्यांच्या ऑफिसचं पत्र कालच आलंय. त्यांनी स्वतःच कळवलं.

तू मला आधी सांगितलं नाहीस. मला रडू येणार होतं. पण पुढचं पाठ केलेलं विसरले असते, म्हणून आवरलं.

पुढचं सगळं बोलले. चुकत, थांबत. रांगांचं बोलले तेव्हा संचालक म्हणाले की अशा तुलनेची एक पद्धत असते. अध्यक्षबाई म्हणाल्या, पद्धतच विचारतेय ती. नियमाचंही बोलले. तेव्हा खजिनदारांचं पेन थांबलं. मग अध्यक्षबाई म्हणाल्या की नियम त्यांनीच लिहिलाय, आणि सगळ्यांना लावायचं धैर्य मात्र त्यांना झालं नव्हतं. मग टेबलावर बोट ठेवून म्हणाल्या, सगळे पगार आज एकदम घेऊ. ज्यांचा विषय, ते बाहेर.

मी आणि संचालक बाहेर बाकावर. बाक लहान आहे. ते एका टोकाला, मी दुसऱ्या. ते जरा माझ्याकडे वळले. मग म्हणाले,

"मला वाटलं होतं तुम्ही बोलत नाही."

"मलाही."

ते हसले. मग म्हणाले की इथे येताना त्यांनी जास्त पगाराची नोकरी सोडली होती, आणि घरी दर एक तारखेला त्याची आठवण निघते. त्या मोठ्या संस्थांच्या रांगेत ते स्वतःला धरतात, कारण पूर्वी ते तिथेच होते. वर्कशॉपची यादी त्यांनी बघितलीही नव्हती, कोणाला तरी करायला सांगितली होती. मी म्हणाले, मिस्त्रींनीही दुसरी नोकरी बघून ठेवलीय. ते माझ्या बुटाकडे बघत होते. विचारलं, हा त्यांनीच बनवलाय का. मी म्हणाले, सगळेच.

तेवढ्यात दार उघडून खजिनदार बाहेर आले, तांबडेलाल. आत गुंतवणुकीचा विषय निघाला होता. मी मध्ये सरकले. तिघं एका बाकावर, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. खजिनदार म्हणाले, आता आत राहिलंय तरी कोण.

निर्णय असा. अहवाल परत. दुसऱ्या माणसाकडून नवा करून घ्यायचा, एकाच रांगेचा. आमच्याएवढ्या संस्था, आणि शिपायापासून संचालकांपर्यंत तीच रांग. तोपर्यंत कोणाचाच पगार वाढणार नाही. म्हणजे मिस्त्रींचाही नाही. मला वाटलं, संपलं.

अध्यक्षबाई स्वतः वर्कशॉपमध्ये गेल्या. मी मागून. मिस्त्रींना म्हणाल्या, आज माझ्या हातात काही नाही, जुलैच्या मीटिंगपर्यंत थांबाल का. मिस्त्रींनी फडकं सोडलं, त्यातून एक हातोडी काढली आणि भिंतीवर तिच्या आकारावर टांगली. फक्त हातोडी. बाकीचं परत बांधून ठेवलं.

तुझं काय झालं, लिही.

घुमी

*

५ मे

घुमे,

बढती गेली. नोकरी राहिली. साहेब आधी तापले, मग म्हणाले, उशिरा का होईना स्वतः आलास. तुमच्या फाउंडेशनच्या कामातून मला बाजूला काढलं, आता एक नवी पोरगी ते करणार आहे. माझ्यासमोरच बसते. सारखा फोन घेऊन विचारत असते, मिस्त्री म्हणजे नक्की काय काम करतात, त्यांच्यासारखा माणूस दुसरीकडे कुठे आहे. मला उत्तर येत असतं आणि सांगता येत नाही. मी उठून पाणी प्यायला जातो. दिवसभरात इतकं पाणी मी जन्मात प्यायलो नव्हतो.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू माझ्या भरवशावर उभी राहिली असतीस. असं मी मामीला म्हणालो. खरं कारण म्हणजे तुझं पत्र वाचल्यावर चार दिवस मला माझीच खात्री नव्हती.

मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोरगी कोणावर गेलीय कोण जाणे, तुमच्यावर तर नाही. धाकट्याच्या दातांचे आता हप्ते पाडलेत.

ताईला तूच सांग. मला फोनवर दातखीळ बसते.

मामा

*

१८ जुलै

मामा,

आईला सांगितलं. ती म्हणाली, तुला बोलवायचंय आणि कान धरायचाय आणि जेवायला घालायचंय, त्याच क्रमाने.

नवा अहवाल आला. एका रांगेत संचालक मधल्याच्या आसपासच निघाले, त्यांचा पगार आहे तोच राहिला. वर्कशॉप रांगेत शेवटून दुसरं. काल त्यावर मतदान झालं, मी आणि संचालक बाकावर. या वेळी त्यांनी येताना दोघांसाठी चहा आणला होता. आतलं काही ऐकू आलं नाही. माझं लक्ष आत काय चाललंय यापेक्षा कॉरिडॉरच्या टोकाच्या वर्कशॉपच्या दाराकडेच होतं.

मग अध्यक्षबाई बाहेर आल्या, आमच्याकडे न बघता सरळ तिकडे चालत गेल्या. थोड्या वेळाने ठोकल्याचा आवाज आला. भिंतीवर खिळा पक्का करतात ना, तसा. मिस्त्री एकेक करून सगळं टांगत होते. संचालक म्हणाले, जा, तुमचं काम आहे ना तिकडे.

वाढ हॉस्पिटलएवढी नाही. मिस्त्री म्हणाले, तिकडे पैसे आहेत, पण चावणारी पोरं नाहीत. आज तुफानचं नवं माप घेतलं. मोजपट्टीचं एक टोक मी धरलं होतं. तिने मला बघितलं, विचार केला, आणि नाही चावली.

पुढच्या मीटिंगला गुंतवणुकीचा विषय आहे. पैसे कोणत्या कंपनीत ठेवायचे, मेहुण्याच्या की दुसऱ्या. खजिनदार बाहेर बसणार. मी सगळीकडून विचार करून बघितला मामा, त्यात माझा दूरदूरचा काही संबंध निघत नाही.

म्हणजे मला आत बसावं लागणार.

घुमी